डॅशकॅम घेतलाय खरा, पण कार्ड आणि करंटचं काय?

एमएच १० म्हणा, एमएच ११ म्हणा नायतर कराडची एमएच ५०, आपल्याकडं आता साध्या हॅचबॅकच्या काचेला पण डॅशकॅम, म्हणजे गाडी चालताना समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, दिसायला लागलाय. आणि पाहिजेच तो, त्यावर वाद नाही. कारखाने सुरू झाले की रात्री तासगाव रोडला बिनरिफ्लेक्टरची डबल ट्रॉली अचानक समोर उभी असते, खंबाटकीत कोण कुठून घुसेल नेम नाही, आणि धडक झाल्यावर समोरचा आधी आवाज चढवतो, मग चूक कुणाची ते बघतो. पण लोकं करतात काय, महिनाभर व्हिडिओ बघून टू के घ्यायचा का फोर के, सेन्सर कुठला, रात्री नंबरप्लेट दिसते का ह्याच्यावर डोकं फोडून घेतात, आणि कॅमेरा घरी आला की जुन्या मोबाईलमधनं निघालेलं मेमरी कार्ड त्यात घालतात, चार्जर स्टँडजवळच्या टपरीवरचा. मग जेव्हा खरंच गरज पडते तेव्हा कार्ड काढून बघतात तर शेवटची फाईल दिवाळीतली.

तर माझं मत सरळ आहे. बजेट ठरलेलं असेल तर कॅमेरा एक पायरी खालचा घ्या पण कार्ड आणि पॉवर सप्लायला हात आखडू नका. कॅमेऱ्याचा लाईट लागलाय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय असं अजिबात नसतं, आणि डॅशकॅम बिघडला म्हणून परत करायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा कॅमेरा ठणठणीत असतो, मेलेलं असतं कार्ड नायतर करंट पोचत नसतो.

आधी फाईलचा हिशोब

किती जीबीचं कार्ड घ्यायचं हा पहिला प्रश्न सगळे विचारतात, त्याचं उत्तर कॅमेऱ्याच्या बिटरेटमध्ये, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती डेटा लिहितो त्यात आहे. माहितीपत्रकात दिलेला असतो, नसेल तर गाडी घेऊन एक चक्कर मारा आणि एक मिनिटाची फाईल किती एमबीची झाली ते बघा, कागदावरच्या आकड्यापेक्षा ते जास्त खरं. साधा १०८० पी कॅमेरा १६ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला १६ मेगाबिटनं लिहितोय असं धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठनं भागा, सेकंदाला २ एमबी, मिनिटाला १२० एमबी, तासाला ७.२ जीबी. पुढं फोर के आणि मागं १०८० पी असा जोडीचा सेट असेल तर दोन्ही मिळून ५५ एमबीपीएसच्या आसपास जातं, म्हणजे तासाला जवळजवळ २५ जीबी. आता तेच १२८ जीबीचं कार्ड पहिल्या गाडीत १७ तासांचं रेकॉर्डिंग सांभाळतं आणि दुसऱ्या गाडीत जेमतेम ५ तासांचं. म्हणजे सांगलीतनं पहाटे मुंबईला निघालात आणि आनेवाडी टोलच्या पुढं कुणी घासून गेलं तर मुंबईत पोचेपर्यंत कदाचित टिकेल, पण परत येईपर्यंत ती फाईल पुसून तिच्यावर नवीन रेकॉर्डिंग झालेलं असणार.

म्हणून १०८० पी ला किमान ६४, जोडीच्या सेटला १२८ नायतर २५६. फक्त एक बघा, कॅमेरा किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, त्याच्या वरचं घालू नका. कधी कधी चालतं, आणि "चालतंय की" म्हणून लोकं घालतात, मग चार दिवसांनी मध्येच कार्ड एरर. आणि ६४ पासून पुढची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, काही जुन्या कॅमेऱ्यांना फॅट३२ लागतं (दोन्ही कार्डावर फाईली मांडायच्या पद्धती), त्यामुळं कार्ड आणलं की पहिलं काम ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं, मोबाईलमध्ये नाही.

ह्याच हिशोबातनं अजून एक गोष्ट कळते. कॅमेऱ्याला सेकंदाला २ ते ७ एमबी लिहायचेत, मग पाकिटावर मोठ्या अक्षरात २०० एमबी पर सेकंद लिहिलंय त्याचं काय लोणचं घालायचंय? तो वाचायचा स्पीड असतो आणि तो पण खास रीडर असला तर. आपल्याला बघायचाय सलग लिहायचा किमान स्पीड. क्लास १०, यू१, व्ही१० ह्या तिन्ही खुणांचा अर्थ किमान १० एमबी. यू३ आणि व्ही३० म्हणजे किमान ३०. गणितानं १० पण पुरतात, तरी मी यू३ व्ही३० च घ्या म्हणतो, कारण कार्ड जुनं झालं, तापलं, आतल्या आत ब्लॉक पुसायला लागलं की थोडा वेळ अडखळतं आणि तेव्हा हातात शिल्लक स्पीड असलेला बरा. ए१, ए२ ह्या खुणा मोबाईलमध्ये ॲप टाकण्यासाठी आहेत, त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

एन्ड्युरन्स म्हणजे नक्की काय

सततचं लिखाण सोसायची कार्डाची ताकद म्हणजे एन्ड्युरन्स. मोबाईलमधलं कार्ड आयुष्यभर फोटो साठवत बसतं. डॅशकॅममधलं दिवसभर लिहितं, पुसतं, परत लिहितं. कार्डातल्या फ्लॅश मेमरीच्या प्रत्येक कप्प्याला पुसून लिहायची एक मर्यादा असते, ती संपली की कप्पा गेला. कार्डातला कंट्रोलर हे काम सगळ्या कप्प्यांत वाटून देतो, म्हणून मोठं कार्ड घेतलं की तेवढंच लिखाण जास्त कप्प्यांत विभागलं जातं आणि आयुष्य त्याच पटीत वाढतं. ६४ च्या जागी १२८ घेण्याचं खरं कारण हे आहे, जास्त तास साठवणं हा वरचा बोनस.

आकड्यात बघू. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्स १२८ जीबी कार्डाला कंपनी १०,००० तास सांगते, त्यांच्याच मॅक्स एन्ड्युरन्स १२८ ला ६०,००० तास. दोन्ही आकडे २६ एमबीपीएसच्या फुल एचडी रेकॉर्डिंगवर धरलेले. १०,००० तासांचे होतात साधारण ११७ टीबी (हजार जीबीचा एक टीबी). आता विश्रामबागेतनं कुपवाड एमआयडीसीला नोकरीला जाणारा गडी, दिवसाला दोन तास गाडी, १०८० पी कॅमेरा, तो वर्षाला ५ टीबीच्या वर थोडंसं लिहितो. त्याचं कार्ड लिहून लिहून झिजणार नाही, गाडी आधी विकली जाईल. पण मिरज स्टेशनवरनं भाड्याची गाडी चालवणारा, दिवसाला बारा तास, तो वर्षाला ३१ टीबीच्या पुढं जातो, म्हणजे हाय एन्ड्युरन्स पावणेचार वर्षं. आणि त्यानंच जोडीचा फोर के सेट लावला तर वर्षाला शंभर टीबीच्या वर, म्हणजे तेच कार्ड वर्षभर जेमतेम. त्याला मॅक्स एन्ड्युरन्स नायतर त्या दर्जाचं दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेण्यावाचून इलाज नाही. सॅमसंग, किंग्स्टन, ट्रान्सेंड, लेक्सार सगळ्यांची एन्ड्युरन्स नावाची कार्डं मिळतात, नाव बघून भुलू नका, पाकिटावर किंवा कंपनीच्या साईटवर किती तास आणि कुठल्या बिटरेटला ते शोधा. तास लिहिलेच नसतील तर ते नुसतं स्टिकर.

मग दोन तासवाल्यानं साधं कार्ड घेतलं तर काय बिघडलं? झिजेच्या हिशोबानं काही नाही. पण दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे साध्या कार्डाच्या वॉरंटीत डॅशकॅम, सीसीटीव्हीसारखा सततच्या रेकॉर्डिंगचा वापर बऱ्याचदा वगळलेला असतो, बारीक अक्षरात. आणि दुसरं म्हणजे ऊन. जत, मिरज भागात एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा ४० च्या पुढं, काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ६०-७० अंश सहज होतात, आणि कॅमेरा चालू असला की त्याची स्वतःची उष्णता वेगळी. कार्डं साधारण ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात पण रोज त्या टोकाला नेऊन ठेवली की काय होणार. किमतीत फरक एका टाकी पेट्रोलपेक्षा लय कमी आहे, त्यामुळं एन्ड्युरन्सच घ्या, विषय कट.

नकली कार्ड

इथं जास्त जण फसतात. गावातल्या बाजारपेठेत काउंटरवर संवाद कसा होतो तुम्हाला माहितीच आहे.

"दादा, बिनधास्त घ्या, २५६ जीबी हाय, ओरिजिनल."

"बिल देणार ना पक्कं?"

"बिल कशाला ओ, काय झालं तर मी हायच की इथं."

तो असतो तिथंच, नाही असं नाही, पण तुमचा व्हिडिओ नसतो. नकली कार्डात आत ८ नायतर १६ जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला शिकवलेलं असतं की विचारलं तर २५६ सांग. मोबाईलमध्ये घाला, लॅपटॉपला लावा, २५६ च दाखवतं. पहिले दोन-चार दिवस व्हिडिओ पण नीट दिसतात. खरी चिप भरली की कार्ड पुढचं लिखाण कुठंतरी हवेत लिहितं, फाईलचं नाव दिसतं, साईज दिसते, उघडायला गेलात की उघडत नाही. ऑनलाईन घेतलं तरी हेच होऊ शकतं, साईट मोठी असली तरी माल विकणारा वेगळाच असतो, म्हणून विक्रेत्याच्या नावाकडं बघा, कंपनीचं अधिकृत दुकान असेल तर तिथनंच घ्या.

पाकीट, छपाई, होलोग्राम बघून ओळखण्याच्या युक्त्या लोकं सांगतात, मी त्यावर भरवसा ठेवत नाही, छपाई आता कुणालाही जमते. कार्ड भरून बघणं हाच एक उपाय. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, मूळ जर्मन आहे पण इंग्रजीत चालतं, मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी एफ३. कार्ड रीडरमध्ये घाला, रिकामं करा, पूर्ण जागा निवडा आणि चालू करा. ते एक-एक जीबीच्या फाईली लिहीत कार्ड पार काठोकाठ भरतं आणि मग सगळं परत वाचून एकेक अक्षर जुळवतं. १२८ जीबीला लिहायलाच पावणेदोन तास लागू शकतात, वाचायचे वेगळे, म्हणून रात्री लावून झोपा. सकाळी एकही एरर नाही असं आलं तर कार्ड खरं. अर्धी जागा हरवली असा हिशोब आला तर त्याच दिवशी परत करा. रिटर्नची मुदत चालू असेपर्यंतच हे करायचं, महिन्यानं नाही. टेस्टमध्ये लिहायचा स्पीड पण दिसतो, यू३ लिहिलेलं कार्ड चांगल्या रीडरमध्ये ८-९ एमबीनं लिहीत असेल तर तिथंच समजून जा. १२८ च्या कार्डाला लॅपटॉप ११९ दाखवतो म्हणून मात्र दुकानदाराशी भांडू नका, तो मोजायच्या पद्धतीतला फरक आहे.

आता करंट

बरेचसे डॅशकॅम ५ व्होल्टवर चालतात आणि दीड ते अडीच अँपिअरचा चार्जर मागतात. बरेचसे म्हटलं, सगळे नाही, काही कॅमेरे थेट १२ व्होल्ट घेतात, म्हणून कॅमेऱ्याच्या पाठीमागचं लेबल वाचल्याशिवाय पिन बसतीय म्हणून दुसऱ्याची वायर लावू नका.

गाडीच्या म्युझिक सिस्टीमचा यूएसबी पोर्ट पेनड्राइव्हसाठी असतो, जुन्या गाड्यांत अर्धा अँपिअर देतो. कॅमेरा त्यावर चालू होतो, लाईट लागतो, आणि वायफाय, जीपीएस, रात्रीची इन्फ्रारेड, मागचा कॅमेरा सगळं एकदम ओढायला लागलं की बंद पडून परत चालू होतो. दर वेळी बंद पडताना जी फाईल लिहायची चालली होती ती अर्धवट. असं चार महिने झालं की कार्डाची फाईल सिस्टीम खराब होते आणि माणूस कार्डाला शिव्या देतो.

लायटर सॉकेटमधला ॲडॅप्टर घेताना अंगावर काय लिहिलंय ते वाचा. आत १२-२४ व्होल्ट, बाहेर ५ व्होल्ट, एका पोर्टला किमान २.४ अँपिअर, एवढं पाहिजे. पाच पोर्टवाला घेऊन त्यातच मोबाईल फास्ट चार्जिंगला, बायकोचा मोबाईल, पोरांचा टॅब असं लावलं की काही ॲडॅप्टर दुसरी पिन घालताक्षणी सगळ्या पोर्टचा करंट एक झटका तोडून परत वाटतात, आणि कॅमेरा रीस्टार्ट. कॅमेऱ्याला स्वतःचा वेगळा ॲडॅप्टर द्या. स्वस्तातल्या ॲडॅप्टरची अजून एक ओळख, तो लावला की एफएमवर खरखर सुरू होते, आणि ज्या कॅमेऱ्यात जीपीएस आहे त्याला सिग्नल पकडायला वेळ लागतो. असा ॲडॅप्टर काढून फेकून द्या. आणि आपले खड्डे बघता सॉकेटमध्ये घट्ट बसणारा घ्या, पेठ-सांगली रस्त्यानं गेल्यावर सैल पिन किती वेळा निसटते ते ज्याचं त्याला माहिती.

टेम्पो-ट्रकवाल्या मंडळींना खास सांगणं, मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. ज्या ॲडॅप्टरवर फक्त १२ व्होल्ट लिहिलंय तो ट्रकला लावला तर ॲडॅप्टर जळतो, आणि नशीब खराब असेल तर जाता जाता कॅमेरा पण घेऊन जातो.

टाईप सी कॅमेऱ्याचा एक घोळ, काही कॅमेऱ्यांत टाईप सी ची जागा आहे पण आतलं सर्किट साधंच ठेवलंय, त्यामुळं दोन्ही बाजूला सी असलेली नवी केबल लावली तर चार्जर करंटच सोडत नाही. कॅमेरा मेला असं वाटतं. जुनी ए टू सी केबल लावून बघा, बहुतेक वेळा चालू होतो.

केबलकडं मात्र कुणीच बघत नाही, आणि निम्मी गडबड तिथं असते. बाजारात दोन-तीनशेत साडेतीन मीटरची लांब केबल मिळते, दिसायला जाड, आत तांबं केसासारखं. रानात शेवटच्या वाफ्याला पाणी पोचेपर्यंत धार बारीक होते तसं ह्या केबलमधनं ५ व्होल्ट निघतात आणि कॅमेऱ्यापर्यंत भलतेच कमी पोचतात. हिशोब बघा, २८ गेजच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. साडेतीन मीटर जायची आणि साडेतीन परत यायची, झाली ७ मीटर, दीड ओहम. कॅमेऱ्यानं १ अँपिअर ओढला की दीड व्होल्ट तारेतच खलास, कॅमेऱ्याला मिळाले साडेतीन. तीच तार २२ गेजची असेल तर मीटरला ०.०५३ ओहम, ७ मीटरला ०.३७, म्हणजे कॅमेऱ्याला साडेचारच्या वर मिळतात. गेजचा आकडा जेवढा लहान तेवढी तार जाड, हे उलटं आहे, लक्षात ठेवा. केबलच्या अंगावर बोट फिरवत बघितलंत तर बारीक अक्षरात २८एडब्ल्यूजी/१पी आणि त्यापुढं २४एडब्ल्यूजी/२सी असं काहीतरी छापलेलं सापडतं, त्यातला पहिला आकडा डेटाच्या तारांचा आणि दुसरा, २सी वाला, करंटच्या तारांचा. आपल्याला दुसरा बघायचाय, तो २२ किंवा २० असावा, २४ पर्यंत ठीक. काहीच छापलं नसेल तर मी ती केबल घेत नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली केबल सहसा बरी असते, ती लांबीला पुरत असेल तर तीच वापरा.

हार्डवायर किट आणि पार्किंग मोड

गाडी उभी असताना पण रेकॉर्डिंग पाहिजे असेल तर हार्डवायर किट लागतं. तीन तारा असतात, एक कायम चालू, एक चावी फिरवल्यावर चालू होणारी आणि एक अर्थची, म्हणजे गाडीच्या लोखंडाला जोडायची. बऱ्याच किटमध्ये पिवळी कायमची, लाल चावीची, काळी अर्थची, पण रंगावर जाऊ नका, किटचा कागद बघा.

आधी ठरवा की पार्किंग मोड खरंच पाहिजे का. पार्किंगमध्ये कॅमेरा गाडीच्या बॅटरीतनं साधारण ०.३ अँपिअर घेतो असं धरा. रात्रभर दहा तास म्हणजे ३ अँपिअर-अवर, ह्यानं काही होत नाही. पण साताऱ्यात शाहूपुरीत गाडी लावून तुम्ही रेल्वेनं पाच दिवस बाहेरगावी गेलात तर ३६ अँपिअर-अवर, आणि लहान गाड्यांची अख्खी बॅटरीच ३५ ची असते. म्हणून किटमध्ये कटऑफ असतो, बॅटरीचा व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेला की कॅमेरा बंद. गोम अशी की बरीच किटं ११.६ नायतर ११.८ वर सेट होऊन येतात. आराम करत असलेली बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.६ पर्यंत ओढलीत तर सकाळी गाडी स्टार्टच होणार नाही, आणि असं पुन्हा पुन्हा केलं की बॅटरीचं आयुष्य पण गेलं. किटवरचा बारीक स्विच १२.२ ला ठेवा, गाडी रोज बाहेर पडत नसेल तर १२.४ ला. २४ व्होल्टच्या गाडीला ह्याच्या दुप्पट. दोन-तीन वर्षं झालेली बॅटरी असेल आणि थंडीत आधीच कुरकुर करत असेल तर पार्किंग मोड विसरा, चावीबरोबर चालू-बंद होईल एवढंच ठेवा.

बसवायचं काम वायरिंगवाल्याकडनं करून घ्या नायतर हात असेल तर स्वतः करा, पण समोर उभं राहून बघा, कारण काही जण मूळ वायर सोलून तिथंच पीळ मारून काळी टेप गुंडाळतात. तसं करू देऊ नका, गाडीच्या वॉरंटीचा प्रश्न येतो आणि उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो. फ्यूज टॅप सांगा. फ्यूज बॉक्समधला एक फ्यूज काढायचा, त्या जागी टॅप बसवायचा, टॅपच्या एका खाचेत जुना फ्यूज आणि दुसऱ्या खाचेत कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा नवीन. फ्यूजच्या तीन-चार जाती आहेत, आपल्या गाडीत कुठला आहे तो काढून हातात धरून त्या मापाचा टॅप आणा, बळजबरीनं घुसवलात तर आतल्या पकडी पसरतात.

कुठला फ्यूज निवडायचा ते मल्टिमीटरनं ठरवा. चावी बंद असताना पण १२ व्होल्ट दाखवतो तो कायमचा, चावी फिरवल्यावरच दाखवतो तो दुसरा. चावी काढल्यावर लगेच मोजू नका, नवीन गाड्यांत काही फ्यूज दहा-वीस मिनिटं जागे राहतात आणि मग झोपतात, अर्धा तास थांबून परत मोजा. चावीच्या तारेला लायटर सॉकेट किंवा म्युझिकचा फ्यूज बरा, कायमच्या तारेला आतल्या छताच्या लाईटचा. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कंट्रोलर, स्टिअरिंग ह्यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

टॅप बसवून झाला की एक टेस्ट आहे जी बरेच वायरिंगवाले करत नाहीत. टॅपमधला जुना फ्यूज काढा आणि बघा, कॅमेरा चालू राहिला पाहिजे. बंद पडला म्हणजे टॅप उलटा बसलाय, कॅमेऱ्याचा करंट पण जुन्या फ्यूजमधनं चाललाय. टॅप काढून अर्धा फिरवून परत बसवा, काम झालं.

अर्थची काळी तार उघड्या लोखंडाच्या बोल्टखाली घट्ट पाहिजे. रंगावर नायतर प्लास्टिकच्या बोल्टवर आवळली तर कॅमेरा कधी चालतो कधी नाही, आणि ही तक्रार शोधायला अख्खा दिवस जातो. वर जाणारी केबल समोरच्या पिलरमधनं नेताना नीट बघा, बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असलेल्या गाडीत ती पिशवी त्या पिलरच्या प्लास्टिकमागं असते. केबल पिशवीच्या मागनं न्यायची, आडवी पुढनं नाही, नायतर पिशवी उघडताना केबल आणि क्लिपा तोंडावर. खात्री नसेल तर हा भाग शोरूमला करा.

ओबीडीच्या, म्हणजे सर्व्हिसवाले गाडी तपासायला मशीन लावतात त्या पोर्टला लावायच्या केबली पण मिळतात, काही न खोलता होतं काम, पण काही गाड्यांचा कंट्रोलर त्यामुळं झोपत नाही. मी टाळतो.

कॅमेऱ्यातली बॅटरी

जोराच्या धडकेत गाडीची बॅटरी निखळली तर करंट त्याच क्षणी जातो आणि नेमकी हवी ती फाईल अर्धी राहते. ती फाईल बंद करायला लागणारे काही सेकंद कॅमेऱ्यातनंच मिळावे लागतात. त्यासाठी आत लिथियम बॅटरी असते नायतर सुपरकॅपॅसिटर, म्हणजे थोडा वेळ करंट साठवून ठेवणारा भाग. आपल्या उन्हात लिथियम फुगते, कॅमेऱ्याची पाठ उघडायला लागते, त्यामुळं निवड असेल तर सुपरकॅपॅसिटरवालाच कॅमेरा घ्या. आणि लूपचा वेळ, म्हणजे एका फाईलची लांबी, ३ नायतर ५ मिनिटांऐवजी १ मिनिट ठेवा, गेली तरी एका मिनिटाची फाईल जाईल.

सेटिंगमध्ये असताना जी-सेन्सर पण कमीवर आणा. धक्का बसला की कॅमेरा ती फाईल लॉक करतो, मग कार्ड भरल्यावर जुन्या फाईली पुसत नव्या लिहायच्या त्या लूपमध्ये ती पुसली जात नाही. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरना सेन्सर हायवर ठेवला तर पोवई नाक्यापासनं हायवेपर्यंतच अर्धा डझन फाईली लॉक होतील, आणि काही कॅमेरे लॉक फाईलींनी कार्ड भरलं की रेकॉर्डिंगच थांबवतात.

दोष कार्डाचा का करंटचा

कॅमेरा मध्येच बंद पडतोय, फाईलींच्या मध्ये मोकळी जागा राहतीय, शून्य केबीच्या फाईली येतायत. तर आधी कॅमेऱ्याला गाडीचं सोडून चांगला पॉवरबँक लावा, आखूड केबलनं, आणि रोजच्या रस्त्यानं जाऊन या. दोष गेला तर कार्ड निर्दोष आहे, ॲडॅप्टर, केबल, अर्थ ह्यांच्या मागं लागा. दोष तसाच राहिला तर खात्रीचं दुसरं कार्ड घालून बघा. तरी राहिला तरच कॅमेरा सर्व्हिसला. ह्याच क्रमानं करा, लोकं आधी कॅमेराच पाठवतात आणि महिना जातो.

महिन्यातनं एकदा, जे व्हिडिओ लागणार आहेत ते, अपघाताचे वगैरे, आधी लॅपटॉपवर काढून कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि कालची एखादी फाईल खरंच उघडून बघा, त्यात तारीख-वेळ बरोबर आहे का ते पण. आतली बॅटरी गेली की घड्याळ मागं जातं आणि मग तुमच्याच व्हिडिओवर समोरचा वकील बोट ठेवतो. कार्ड काढताना आधी कॅमेरा बंद, लाईट विझला की मग नखानं दाबायचं, आणि खाली हात धरा, स्प्रिंगनं उडून सीटच्या रुळात गेलेलं कार्ड शोधणं म्हणजे शिक्षा.

अपघात झालाच तर फोटो वगैरे काढून झाल्यावर कॅमेरा बंद करून ते कार्ड काढून घ्या आणि दुसरं घाला, म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक रिकामं, तपासलेलं जादा कार्ड ठेवायचं. १ जुलै २०२४ पासनं लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मधल्या कलम ६३ प्रमाणं असल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, पूर्वी हेच ६५ ब मध्ये होतं, आणि त्या नमुन्यात फाईलचा हॅश, म्हणजे फाईलवरनं काढलेला ठशासारखा आकडा, पण द्यायचा असतो. त्यामुळं मूळ फाईलला कात्री लावू नका, व्हॉट्सॲपवरनं फिरलेली कॉपी तर दाबून लहान झालेली असते, तिचा हॅश मूळ फाईलशी जुळणारच नाही. मूळ कार्ड पाकिटात घालून त्यावर तारीख टाका आणि वकिलाला विचारल्याशिवाय ते परत कुठल्याच कॅमेऱ्यात घालू नका.